कालच्या पाण्याचा टब

सकाळी उठल्यावर आईच्या मुठी उघडत नसत. झोपेत कुणी बोटांना गाठी मारून ठेवाव्यात तशी ती आत वळलेली असत. गुडघे, घोटे आणि खांदे यांची स्थितीही फारशी वेगळी नसे. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते, असा तो वात. दुपारपर्यंत ताठरपणा ओसरे. मग ती चहा करू शके, घड्या घालू शके, शेजारच्या काकूंशी नळावरून भांडूही शके. परंतु सकाळी तिला उठवणे, मोरीपर्यंत नेणे, वेणी घालणे, कप तोंडाशी धरणे ही कामे दुसऱ्या कुणाला तरी करावी लागत. ती मी करत होते. आबा पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये जेट मशिनवर आहेत. कापड रंगवण्याचे ते यंत्र पहाटेच्या पाळीला त्यांची वाट पाहत असते, आणि उजाडण्याआधीच ते घराबाहेर पडतात.

मी रसायनशास्त्रात एम. एस्सी. केले आणि इच्छापोरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागले. पाण्याचे नमुने तपासणे, रंगांचे मिश्रण जुळवणे, अहवाल लिहिणे. काम वाईट नव्हते, पण मला तिथे म्हातारे व्हायचे नव्हते. गेल्या वर्षी दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत मला पीएच. डी.साठी प्रवेश मिळाला. रुजू होण्यास काही महिन्यांचा अवधी होता. प्रश्न एकच होता, आणि मी तो समीकरणासारखा स्वच्छ मांडून ठेवला होता: आई सकाळी एकटी उठू शकली, तर मी जाऊ शकत होते. नाही तर नाही.

डॉक्टरांनी औषधे बदलली आणि सोबत सांगितले की सकाळी कोमट-गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसवले तर ताठरपणा लवकर सुटेल. रोग बरा होणार नाही, पण सकाळ सोपी जाईल. बादलीतून तांब्याने घेतलेल्या पाण्याचा उपयोग नव्हता. ते अंगावरून वाहून जाते, उष्णता सांध्यात शिरायला थांबत नाही. तापीपलीकडे एका फिजिओथेरपी केंद्रात गरम पाण्याचा हौद होता, परंतु स्त्रियांसाठीची वेळ दुपारची, म्हणजे आईला त्याची गरज संपल्यानंतरची. म्हणून घरीच टब आणायचा, असे मी ठरवले. डिंडोलीतल्या आमच्या रो-हाउसच्या ओट्यावर, जिथे आबांची स्कूटर उभी असते तिथे.

वेसूतल्या शोरूममध्ये मी लॅबमधून थेट गेले. पायांत सेफ्टी शूज होते आणि विक्रेत्याने आधी तेच पाहिले.

"बेन, फार्महाउस माटे जोइए छे के टेरेस माटे?" त्याने गुजरातीत विचारले.

"आईसाठी," मी म्हणाले. "घराच्या ओट्यावर."

तो हिंदीत शिरला. "आंटीजी के लिए तो ये मॉडल बेस्ट है. इतने जेट किसी में नहीं. सात रंग की लाइट. ब्लूटूथ से भजन भी बजेगा."

मी जेटांविषयी, म्हणजे पाण्याच्या झोतांविषयी, विचारले नव्हते. मी विचारले की कवचामागे फोम किती जाड आहे, झाकण बाष्प रोखते का, हीटर किती क्षमतेचा आहे, आणि तो क्षारांनी खराब झाला तर सुटा बदलता येतो का. त्याने माहितीपत्रक उलटेपालटे केले.

"बेन, सच बोलूं? फोम कोई पूछता नहीं. सब लाइट पूछते हैं."

तो खरेच बोलत होता, आणि त्या एका उत्तरात मला कामाची बरीच माहिती मिळाली. टबाची किंमत ज्या गोष्टींनी फुगते त्या डोळ्यांना दिसतात. तो टिकतो ज्या गोष्टींवर त्या पत्र्याआड असतात. पाण्याचे झोत अंग चोळून देतात, पण ताठरपणा उष्णतेने सुटतो, आणि थोड्या बजेटमध्ये उष्णता राखायची तर एकच सूत्र उरते: पाणी तापवणे महाग, तापलेले पाणी राखणे स्वस्त. एकदा तापवलेल्या पाण्यावर घट्ट झाकण घालावे, ते गाळावे, मोजून क्लोरीन द्यावे, म्हणजे तेच पाणी कित्येक आठवडे चालते आणि हीटरला फक्त रात्रीची घट भरून काढावी लागते. माझी सगळी मांडणी या वाक्यावर उभी होती.

हवा भरून फुगवायचे टब सर्वांत स्वस्त होते. मी ते लगेच बाद केले, कारण त्यांची भिंत पातळ, उष्णता झपाट्याने जाणारी, आणि आत उतरताना हाताला धरायला घट्ट असे काही नाही. ज्याची बोटे मिटत-उघडत नाहीत त्याने मऊ कडेवर भार टाकायचा कसा? शोरूममधले चांगले टब आमच्या आवाक्याबाहेर होते. उरला वापरलेला टब. कामरेजजवळच्या एका फार्महाउसमधला टब विकायचा आहे, असे ऑनलाइन दिसले, आणि एका रविवारी आबा आणि मी स्कूटरवरून तिथे गेलो.

दार एका प्रौढ बाईंनी उघडले. टब मागच्या अंगणात ताडपत्रीखाली होता. मी सांधे बोटांनी चाचपले, कवचाला कुठे भेग आहे का ते टॉर्चने पाहिले, खालचा पत्रा काढून फोम ओला नाही ना याची खात्री केली, पंप चालू करून त्याचा आवाज ऐकला. हीटरच्या नळीवर पांढरा थर होता, पण पातळ. सौम्य आम्लाने निघाला असता. बैठकीची उंची आईला सोयीची होती आणि कडेला घट्ट दांडा होता.

"चांगला आहे," मी आबांना मराठीत म्हणाले.

"मग हिला विचार, का विकते म्हनून," आबा म्हणाले.

मी बाईंना हिंदीत विचारले. त्या म्हणाल्या की पतीला लकवा झाला तेव्हा हा घेतला होता. "एक ठंडी बैठे," त्या म्हणाल्या. म्हणजे एकच हिवाळा, आणि मग टब ताडपत्रीखाली गेला. टेम्पो आला तेव्हा त्या घरात निघून गेल्या. व्यवहार माळ्याने पुरा केला.

टब ओट्यावर उतरवायला आबांचे चार सहकारी आले. अर्धी सोसायटी बघायला उभी होती. शेजारच्या काकूंनी कमरेवर हात ठेवून विचारले, "काय गं पोरी, आता सगळ्यांनी आंघोळीला इकडेच यायचं का?"

आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आम्ही घरी अहिराणी बोलतो, म्हणजे ती आणि आबा बोलतात. मी शाळेच्या मराठीत उत्तर देते. "हाई काय शे?" ती म्हणाली. "म्हशीना हौद शे का?"

"म्हैस परवडली असती," काकू म्हणाल्या. "दूध तरी देते."

आबा पाण्याच्या झोतांची छिद्रे बोटांनी मोजू लागले. "हाई बी जेटच म्हना," ते म्हणाले, आणि त्या दिवशी ते एकदाच हसले.

विजेचे काम मी स्वतः उभे राहून करून घेतले. वेगळी वायर, चांगले अर्थिंग, गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर. पाणी आणि वीज एकत्र आणायची तर इथे काटकसर करायची नसते. आमच्या मीटरला मंजूर भार कमी होता, त्यामुळे हीटर छोटाच ठेवावा लागला. रिकाम्या अवस्थेतून टब तापवायला तो अख्खा दिवस घेणार होता. ते मला चालण्यासारखे होते. एकदाच तर तापवायचा होता.

महापालिकेचे पाणी आमच्याकडे सकाळी येते. पहिल्या दिवशी भरले, संध्याकाळपर्यंत तापले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी आईला गाऊनसकट दांड्याला धरून आत उतरवले. ती घाबरली होती; पाणी केव्हाचे, हे विचारायचे त्या गडबडीत तिला सुचले नाही. पाणी छातीशी आले तसे तिने डोळे मिटले. बराच वेळ काहीच झाले नाही. पंप गुणगुणत होता, रस्त्यावरून दूधवाल्याची मोटरसायकल गेली. मग पाण्याखाली तिचा उजवा हात हलला. करंगळी सुटली, तिच्यामागून बाकीची. तिने हात पाण्याबाहेर काढला आणि पुढे-मागे करून पाहिला, तो तिचा नसल्यासारखा.

"आते बरं वाटस," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने सकाळीच ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापली. थोडी जाड, कडेला फाटलेली. आम्ही दोघींनी ती ठेच्यासोबत उभ्याउभ्याच खाल्ली. दुपारी लॅबमध्ये बसून मी संस्थेला प्रवेश स्वीकारल्याचे कळवून टाकले.

दुसऱ्या सकाळी आत उतरताना तिने विचारले, "पानी बदललं का?"

मी तिला समजावले की ते बदलावे लागत नाही. ते गाळले जाते, त्यात औषध असते, त्याचे आम्ल-अल्क मी रोज रंग बदलणाऱ्या पट्टीने पाहते. ती उतरली, पण खांदे वर ओढून बसली, एखाद्या परक्या घरच्या अंथरुणावर बसावे तशी. तिसऱ्या दिवशी तिला बरे वाटत नव्हते, म्हणून ती उतरली नाही. चौथ्या दिवशी मी संध्याकाळी कामावरून परतले, तर ओटा ओला, टब रिकामा, आणि खालच्या व्हॉल्व्हला लावलेला पाईप गटारापर्यंत गेलेला. सूचनांचे पुस्तक न वाचता हे कुणी केले असेल, याचा अंदाज होता, तरी मी विचारले.

"कोणी काढलं पाणी?"

"मी काढं," आबा म्हणाले. ते चहा पीत होते. "बाथ व्हयना का काढी टाकना पडस. दुसरं कापड त्याच बाथमा कोन टाकस?"

त्यांच्या कामात ते अगदी बरोबर होते. एक लॉट रंगवून झाला की ते पाणी सोडून देतात. पुढच्या कापडाला पुढचे पाणी. मी आईकडे वळले. ती लसूण सोलत होती, दुपारनंतरच्या सुट्या बोटांनी.

"ते पाणी शिळं नव्हतं, माय," मी म्हणाले. "बघ, ही आज सकाळची पट्टी. रंग बघ. हे पिण्याच्या पाण्यापेक्षा स्वच्छ असतं."

तिने पट्टी हातात घेऊन नीट पाहिली. माझ्या शिक्षणाचा ती नेहमी मान ठेवते. "पट्टी खरी व्हई," ती म्हणाली. "पन मन्हं आंग नही म्हनस. कालना पानीमा मी नही बठनार."

मला तेव्हा जे दिसले ते कुठल्याही माहितीपत्रकात नव्हते. नळ येण्यापूर्वी आई रोज हंडा, कळशी, पिंप रिकामे करते. आदल्या दिवशीचे पाणी झाडांना जाते, फरशीला जाते. माणसाला ते नाही. तिच्या आईने तेच केले आणि डिंडोलीच्या आमच्या गल्लीत जळगाव-धुळ्याकडून आलेली प्रत्येक बाई तेच करते. रात्र उलटली की पाणी शिळे होते, आणि ज्यात कुणी बसून उठले ते तर आणखीच. तिच्या लेखी आंघोळ म्हणजे अंगावरून निघून जाणारे पाणी. टब म्हणजे न जाणारे.

या गोष्टीवर उपाय शोधताना मी माझ्या पद्धतीने एकेक वाट तपासली. ताजे पाणी नळाला फक्त सकाळी येते. आमचा हीटर ते दिवसभरात तापवतो. तापते तेव्हा संध्याकाळ झालेली असते, आणि तेव्हा तिचे सांधे सुटेच असतात. दुसऱ्या पहाटे तिला त्याची गरज लागते, तोवर ते पाणी कालचे झालेले असते. मोठा हीटर लावायला मंजूर भार पुरेना. वाढवून मागितला तर ट्रान्सफॉर्मरची क्षमता नाही, असे उत्तर मिळाले. छोटा, उभा, खोल टब घेऊन गॅसवर पाणी तापवून भरावा, तर त्यात चढायला निरोगी गुडघे हवेत. जे यंत्र मी निवडले ते उत्तम होते. माझ्या आईसाठी मात्र ते चुकीचे होते, आणि तिच्यासाठी योग्य असे यंत्र आमच्या मीटरवर चालणार नव्हते.

टब मी पुन्हा भरून तापता ठेवला होता, आणि या सगळ्यात माझी जायची तारीख जवळ येत गेली. आईने ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाहिलेली होती. एके सकाळी, मी काही न म्हणता, ती म्हणाली, "झाकन काढ."

ती कालच्या पाण्यात उतरली. डोळे उघडे ठेवून, सरळ समोर पाहत बसली. बोटे सुटली. बाहेर आल्यावर ती थेट मोरीत गेली आणि नुकत्याच आलेल्या नळाखाली बादली लावली. टबातून निघाल्यावर तिला डोक्यावरून ताजे पाणी घ्यायचेच होते. मी घाईने त्यातले पातेलेभर गॅसवर तापवले आणि बादलीत ओतले. गिझरच्या टाकीतले पाणी तिच्या लेखी रात्रीचेच ठरले असते, आणि टाकी नसलेल्या गिझरला मीटरचा भार पुरत नव्हता. हा तोडगा टिकेल, असे मला काही दिवस वाटत राहिले.

पण उकळत्या पाण्याचे पातेले मी उचलत होते. मी नसताना ते कोण उचलणार, हे तपासून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढणे योग्य नव्हते. म्हणून मी आईला सांगून टाकले की या आठवड्यात मी सकाळी वरच्या खोलीतून खाली येणार नाही. आबा निघण्यापूर्वी तिला पलंगाच्या कडेला बसवत, टबाचे झाकण काढत आणि जात. जिन्याच्या वळणावरून मला ओटा दिसत असे आणि मोरीचे दारही.

जानेवारीतली सकाळ होती. ती भिंतीचा आधार घेत आली, दांड्याला कोपर अडकवून आत उतरली, बसली, निघाली. सगळे ठरल्याप्रमाणे. मग मोरीत गेली आणि नळाचे पाणी होते तसेच थंड अंगावर घेतले, एक तांब्या, दुसरा तांब्या. मला वाटले ती एवढ्यावर थांबेल. ती बादली संपेपर्यंत थांबली नाही. नंतर ती मोरीच्या उंबऱ्यावर बसली आणि सुक्या गाऊनची नाडी बांधू लागली. बोटे आत वळली होती. तिने नाडी दातांत धरली, मनगटांमध्ये धरली, सोडली. पुन्हा धरली. मी जिन्यावरून खाली आले आणि नाडी बांधली.

"तू नही येनार व्हतीस," ती म्हणाली.

"माय, थंड पाणी का घेतलंस?"

"आंगवर ते शियं पानी ठेईसन कशी बसू?"

पुढच्या सकाळीही तेच घडले, आणि त्याच्या पुढच्या सकाळीही. गरम पाण्याने दिलेले थंड पाणी काढून घेत होते, आणि थंड पाण्याशिवाय ती गरम पाण्यात उतरणार नव्हती. माझ्यासाठी ती त्या पाण्यात बसत होती, यापेक्षा जास्त मी तिच्याकडे मागू शकत नव्हते. आठवड्याच्या शेवटी मी हीटरचा स्विच बंद केला आणि संस्थेला ईमेल लिहिली. या सत्रात येता येणार नाही, पुढच्या सत्रात रुजू होण्याची परवानगी मिळेल का, असे विचारले. रात्री जेवताना ते आई-आबांना सांगितले.

आबांनी ताटातली भाकरी लहान लहान तुकड्यांत मोडली आणि मग खाल्लीच नाही.

आई म्हणाली, "मन्हासाठे थांबू नको."

"पुढच्या सत्रात जाईन."

"जाशी?"

"हो."

दोनतीन दिवसांनी मला पहाटे खालून आवाज येऊ लागले. पलंग करकरला. बराच वेळ शांतता. मग भिंतीला घासत जाणारी पावले, इतकी सावकाश की दोन पावलांच्या मधे मी पूर्ण जागी होत असे. तिने आबांना बजावले होते, पोरीला उठवायचे नाही. मी अंथरुणात पडून ऐकत राहिले. भांड्याचा आवाज आला, पातेले स्वयंपाकाच्या ओट्यावरून सरकवल्याचा. ते उचलले जात नव्हते, ढकलले जात होते. गॅसचा लायटर वाजला. पुन्हा वाजला. शेगडीची चावी बंद केल्याचा आवाज, थोडी वाट पाहणे, चावी उघडणे, आणि पुन्हा लायटर. दोन्ही हातांच्या तळव्यांत धरून ती तो दाबत असावी. मी पांघरूण बाजूला केले होते आणि पाय जमिनीवर ठेवले होते, पण उठले नाही.

शेवटी बर्नर पेटल्याचा भक्क आवाज आला.

मी खाली गेले तेव्हा उजाडले होते. चहा झालेला होता, शेगडीपाशी थोडा सांडलेला. तिने कप भरले नव्हते. पातेल्यातून कपात ओतणे तिला अजून जमत नव्हते. ती स्टुलावर बसली होती, हात मांडीवर, चेहऱ्यावर दमणूक आणि तिच्याखाली काही तरी वेगळे, जे मी बऱ्याच काळात पाहिले नव्हते.

"पाह्यं?" ती म्हणाली. "एकलीनी करं. आते जाय तू."

संस्थेचे उत्तर आदल्या दिवशी आले होते, मी ते घरात अजून सांगितले नव्हते. जागा राखून ठेवता येत नाही. ती यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देण्यात आली आहे. शुभेच्छा.

"चहा चांगला झालाय," मी म्हणाले, आणि दोन कपांत चहा ओतला.